कंपनीकडून येणारी ऑफ-रोड पिकअप: सस्पेन्शन, टायर आणि बाकी सुधारणांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑफ-रोड पॅकेज म्हणजे नेमकं काय मिळतं?

नावावरून आणि हौद्यावरच्या स्टिकरवरून काहीच कळत नाही. पार्टांची यादी मागा. ढोबळमानाने तीन प्रकार सापडतील. पहिल्यात जरा दणकट नक्षीचे टायर, थोडे कडक शॉकअप, पुढे एक पातळ स्किड प्लेट (गाडीच्या पोटाला दगडांपासून वाचवणारा पत्रा) आणि बाकी सगळी रंगरंगोटी. दुसऱ्यात मागच्या एक्सलला डिफ लॉक (डिफरन्शिअल बांधून दोन्ही चाकं एकत्र फिरवणारा), चांगल्या बनावटीचे शॉकअप आणि उतारावर वेग धरून ठेवणारी यंत्रणा येते. तिसऱ्यात गाडीचा सांगाडाच वेगळा असतो: लांब कंट्रोल आर्म (चाकाला चेसीशी जोडणारे हात), रुंद ट्रॅक (डाव्या-उजव्या चाकांतलं अंतर), चाकाला जास्त चाल (वरखाली होण्याची मोकळीक), मजबूत एक्सल.

तिसऱ्या प्रकाराची उदाहरणं द्यायची तर फोर्ड एफ-१५० रॅप्टर (२०२१ च्या पिढीपासून मागे लोखंडी पाट्यांच्या स्प्रिंगऐवजी कॉइल स्प्रिंग आणि पाच दांड्यांची जोडणी), शेव्हरोले कोलोरॅडो झेडआर२ (मल्टिमॅटिक कंपनीचे स्पूल व्हॉल्व्हचे शॉकअप, पुढेमागे दोन्हीकडे लॉक) आणि जीप ग्लॅडिएटर रुबिकॉन (दोन्ही लॉक, ४:१ लो गिअर, बटणावर सुटणारा पुढचा स्टॅबिलायझर बार, म्हणजे वळताना गाडी झुकू न देणारा दांडा). या तिन्ही गाड्या एकाच कामाच्या नाहीत. रॅप्टर वेगात खड्डे गिळण्यासाठी आहे, तर रुबिकॉन दगडांवरून मुंगीच्या चालीने चढण्यासाठी. आपलं काम कुठलं हे ठरल्याशिवाय तुलना सुरूच करू नये.

पॅकेज घ्यावं, की साधी गाडी घेऊन नंतर एकेक गोष्ट बसवावी?

आमचा नियम असा: जे हाउसिंगच्या, म्हणजे एक्सल-गिअरच्या लोखंडी कवचाच्या, आत आहे किंवा संगणकाशी जोडलेलं आहे, ते कंपनीकडून घ्या. जे चार बोल्ट सोडून निघतं, ते नंतर आपल्या पसंतीचं घ्या.

डिफ लॉक, एक्सलचं गिअर गुणोत्तर, ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या एक्सलला ताकद वाटणारी आणि लो गिअर देणारी पेटी), रुंद ट्रॅक आणि सुटणारा स्टॅबिलायझर बार पहिल्या गटात मोडतात. टायर, रिम, शॉकअप, स्किड प्लेट, दाराखालचे रॉक स्लायडर दुसऱ्या गटात. एखाद्या पॅकेजच्या वाढीव किमतीत फक्त दुसऱ्या गटातल्याच गोष्टी असतील, तर तुम्ही स्टिकरचे पैसे देताय. त्यात लॉक आणि गिअर असेल, तर मात्र सहसा कंपनीचा सौदाच स्वस्त पडतो.

डिफ लॉक नंतर बसवता येत नाही का?

येतो, पण तो नुसता बोल्ट आवळण्याचा प्रकार नाही. डिफचं झाकण काढून जुना कॅरिअर (क्राऊन ज्यावर बसतो तो सांगाडा) बाहेर काढायचा, क्राऊन (मोठं दातेरी चाक) नव्या कॅरिअरवर चढवायचा आणि शिम (पातळ चकत्या) घालून क्राऊन आणि पिनियन (छोटं दातेरी चाक) यांच्यातला खेळ पुन्हा जमवायचा. बहुतेक पिकअपच्या एक्सलमध्ये हा खेळ ०.१३ ते ०.२० मिमी ठेवतात, नेमका आकडा त्या एक्सलच्या मॅन्युअलमध्ये असतो. त्यानंतर दातांना रंग लावून क्राऊन फिरवायचा आणि ठसा दाताच्या मधोमध पडतोय का ते बघायचं. ठसा टोकाला किंवा मुळाशी पडत असूनही काम पुढे रेटलं, की ८०-९० च्या वेगाला घूंऽऽ असा आवाज सुरू होतो आणि काही हजार किलोमीटरमध्ये दात जातात. शिवाय सोलेनॉइडची किंवा हवेची लाइन, वायरिंग, स्विच हे सगळं वेगळंच. हाताशी असं काम रोज करणारा माणूस नसेल तर कंपनीचा लॉकच घ्यावा.

मोनोट्यूब, रिझर्व्हॉयर, बायपास: शॉकअपमधल्या या शब्दांचा खरा अर्थ काय?

शॉकअपचा शत्रू उष्णता आहे. पन्हाळीसारख्या उठलेल्या कच्च्या रस्त्यावर पिस्टन मिनिटाला शेकडो वेळा खालीवर होतो, तेल तापतं, पातळ होतं आणि दाब द्यायचं थांबतं. खाली दिलेला प्रत्येक प्रकार या एका दुखण्यावरचा इलाज आहे.

साध्या ट्विन-ट्यूब शॉकअपमध्ये नळीत नळी असते. बाहेरच्या नळीत तेलाच्या वर वायू असतो आणि जोराने घुसळल्यावर तेलात फेस होतो. फेसाला दाबलं तर तो दबतो, म्हणून गाडी बोटीसारखी डुलायला लागते. मोनोट्यूबमध्ये एकच नळी, आणि तेल व नायट्रोजन यांच्यामध्ये सरकणारा पिस्टन, त्यामुळे फेस होत नाही. शिवाय तेलाची नळी थेट बाहेरच्या वाऱ्याला लागून असल्याने ती लवकर निवते. वाईट बाजू अशी की बाहेरून दगड लागून नळीला खोलगट पोचा पडला, तर पिस्टन तिथेच अडकतो. ट्विन-ट्यूब असा पोचा सहन करतो.

रिझर्व्हॉयर म्हणजे बाजूची जादा बाटली. तेल जास्त म्हणून तापायला वेळ जास्त, आणि नायट्रोजन तिकडे गेल्यामुळे मुख्य नळीत पिस्टनला चाल जास्त मिळते. बायपासमध्ये पिस्टन मधल्या पट्ट्यात असताना तेलाला आडवाट मिळते आणि शॉकअप मऊ वागतो. टोकाकडे जाताना ती वाट बंद होऊन तो कडक होतो. जीप ग्लॅडिएटर मोहावेचे फॉक्स कंपनीचे शॉकअप याच जातीचे आहेत, शिवाय तिथे चाल संपताना शेवटचा दणका झेलायला वेगळे हायड्रॉलिक बंपर आहेत. ‘२.५ इंची शॉकअप’ म्हणतात तेव्हा तो नळीचा व्यास असतो, लांबी नव्हे. ही गफलत फार जणांची होते.

एक सोपी तपासणी. कच्च्या रस्त्यावर १०-१५ किलोमीटर एका लयीत चालवा, थांबा आणि चारही शॉकअपच्या नळ्यांवर इन्फ्रारेड थर्मामीटर धरा. हाताने चाचपू नका, चामडी सोलून निघेल इतक्या त्या तापलेल्या असू शकतात. तीन गरम आणि एक थंड निघाला तर तो थंडवाला बाद आहे. काम करतोय तोच तापतो.

इलेक्ट्रॉनिक शॉकअप घ्यावेत का?

गाडी आठवडाभर डांबरावर आणि सुटीला कच्च्यावर चालणार असेल तर ते सुखाचे आहेत. फोर्ड रेंजर रॅप्टरमधले फॉक्सचे लाइव्ह व्हॉल्व्ह शॉकअप चालत्या गाडीत स्वतःचा कडकपणा बदलतात. पण सील गेलं की साधा शॉकअप लावून भागत नाही, डॅशबोर्डवर दिवा लागतो. लिफ्ट केली, म्हणजे गाडी उंच केली, तर उंची मोजणाऱ्या सेन्सरची दांडी चुकीच्या कोनात जाते. दहा वर्षं गाडी ठेवायची आणि लांब, निर्जन वाटांवर न्यायची असेल, तर उघडून पुन्हा बांधता येणारा साधा मोनोट्यूब बरा. टोयोटा टॅकोमाच्या ट्रेलहंटर मॉडेलला ओल्ड मॅन ईमू कंपनीचे बिनविजेचे, चालीप्रमाणे कडक होणारे शॉकअप कंपनीतूनच येतात.

चांगले शॉकअप लावले की गाडी जास्त वजन पेलेल ना?

नाही. वजन स्प्रिंग आणि पाटे पेलतात. शॉकअप फक्त उसळी आवरतो. उलट ऑफ-रोड पॅकेजमध्ये मागचे पाटे मऊ असतात आणि गाडी स्वतःच जड असते, म्हणून गाडीवर टाकता येणारं एकूण वजन (माणसं आणि बाहेरून बसवलेले पार्ट धरून) साध्या मॉडेलपेक्षा कमी निघणं नेहमीचंच. दाराच्या खांबावरचा लेबल वाचा.

हिशेब मांडून बघा. समजा लेबलावर ६०० किलो आहे. लोखंडी बंपर आणि विंच ९०, स्लायडर ४५, जाड स्किड प्लेट ३५, हौद्यावरचं कॅनोपी ८०, वरचा तंबू ६०, आणि पाच मोठ्या टायरांचं वाढलेलं वजन ३५. झाले ३४५. उरले २५५. त्यात ७५ किलोची तीन माणसं बसली की ३० किलो राहिले. पाण्याचा ४० लिटरचा एक कॅनसुद्धा त्यात बसत नाही.

स्पेसर टाकून गाडी उंच केली तर काय बिघडतं?

पुढच्या स्ट्रटच्या (स्प्रिंग आणि शॉकअपच्या जोडीच्या) डोक्यावर चकती, म्हणजे स्पेसर, टाकली की गाडी उंच दिसते, पण चाकाची एकूण चाल एक मिलिमीटरनेही वाढत नाही. शॉकअपची चाल तेवढीच राहते, फक्त ती सगळी खाली सरकते, एवढंच.  कॉइलओव्हरची (शॉकअपवरच स्प्रिंग बसवलेल्या जोडीची) रिंग फिरवून उंची वाढवली, तर खाली लोंबण्याची चाल कमी होऊन ती वर दबण्याच्या चालीत जमा होते, आणि खड्ड्यात चाक सोडलं की शॉकअप टोकाला जाऊन ‘टक्’ असा आवाज देतो. स्प्रिंगचा कडकपणा तेवढाच राहतो, फक्त ताण आधीपासून भरला जातो.

बऱ्याच स्वतंत्र सस्पेन्शनच्या गाड्यांत स्ट्रट खालच्या आर्मच्या साधारण मध्यावर टेकतो, म्हणून १ इंचाची चकती चाकापाशी जवळजवळ २ इंच उंची देते. हे माहीत नसल्यामुळे २ इंचाची चकती टाकून गाडी ४ इंच उचलणारे भेटतात. मग एक्सलच्या सीव्ही जॉइंटचा (चाक वळलं तरी ताकद पोचवणाऱ्या सांध्याचा) कोन तीव्र होतो, रबरी बूट घडीवर चिरतो, ग्रीस उडतं, आणि आत माती गेली की वळताना कटकट सुरू. वरचा बॉल जॉइंटही टोकाच्या कोनात अडकतो. स्वतंत्र सस्पेन्शनला पुढे ५० ते ६५ मिमी ही सोसवणारी मर्यादा धरावी. त्यापुढे वेगळे वरचे कंट्रोल आर्म लागतात, कारण मूळ आर्मवर कॅस्टर (स्टिअरिंगच्या धुरीचा मागे झुकलेला कोन) पुरेसा येत नाही आणि स्टिअरिंग सरळ रस्त्यावर भरकटतं.

लिफ्टनंतर हेडलाइट खाली आणायचे. काचेमागचा कॅमेरा आणि पुढचा रडार पुन्हा कॅलिब्रेट करायचा, नाहीतर आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा चुकीच्या ठिकाणी बघत राहते. ब्रेकचा होज चाक पूर्ण लोंबल्यावर ताणला जात नाही ना, तेही बघायचं.

सस्पेन्शनचं काम झाल्यावर काही महिन्यांतच बुश (सांध्यातले रबरी तुकडे) का फाटतात?

कारण जवळपास नेहमी एकच असतं: गाडी जॅकवर, चाकं लोंबत असताना कंट्रोल आर्मचे बोल्ट पूर्ण आवळले. रबरी बुश बाहेरच्या आणि आतल्या नळीला चिकटलेला असतो. तो फिरत नाही, पिळला जातो. लोंबत्या स्थितीत आवळला की गाडी जमिनीवर येताच तो कायमचा पिळलेला राहतो. बोल्ट हाताने बसवा, गाडी खाली घ्या, दोन-तीनदा दाबून हलवा आणि मगच टॉर्क पान्याने शेवटचं आवळा. पाट्यांच्या डोळ्यातल्या बुशलाही हाच नियम. पाट्यांचे यू-बोल्ट नवे घ्या, जुने एकदा ताणलेले असतात. ५०० ते ८०० किलोमीटरवर पुन्हा टॉर्क तपासा.

टायरचं माप वाढवलं तर खरंच किती फरक पडतो?

मापातूनच कळतं. २६५/७० आर १७ चा व्यास ८०३ मिमी, म्हणजे ३१.६ इंच. २८५/७० आर १७ चा ८३१ मिमी, म्हणजे ३२.७ इंच. व्यास २८ मिमीने वाढला, पण एक्सल उचलला जातो तो निम्माच, १४ मिमी. स्पीडोमीटर १०० दाखवत असताना गाडी १०३.५ ने पळत असते, आणि ओडोमीटरही तितकंच कमी मोजतो.

तरीही हे १४ मिमी मोलाचे आहेत. सरळ एक्सलच्या गाडीत डिफचा गोळा जमिनीपासून वर उचलायचा तर टायरशिवाय दुसरा उपाय नाही. लिफ्टने चेसी वर जाते, गोळा तिथेच राहतो.

ऑल-टेरेन की मड-टेरेन?

दहातल्या नऊ जणांना ऑल-टेरेन. मड-टेरेनच्या नक्षीत मोठी पोकळी असते, ती चिखल बाहेर फेकते. पण ओल्या डांबरावर रबर कमी टेकतं, थांबायला अंतर जास्त लागतं आणि आवाज वाढत जातो. मधला प्रकार म्हणून रग्ड-टेरेन आले आहेत. टॅकोमा ट्रेलहंटरवर गुडइयरचे असेच ३३ इंची टायर असतात. बर्फात जाणार असाल तर साइडवॉलवर तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण असलेलं चिन्ह शोधा. नुसतं ‘एम+एस’ हे नक्षीच्या रचनेवरून मिळतं, बर्फातल्या चाचणीवरून नाही.

नक्षीपेक्षा महत्त्वाची गोष्ट लोड रेंज, म्हणजे टायरची वजन पेलण्याची ताकद, आणि तिच्याकडे कोणी बघत नाही. सी, डी आणि ई म्हणजे अनुक्रमे ६, ८ आणि १० प्लायच्या (थरांच्या) तोडीची ताकद. बहुतेक मापांत त्यांचा कमाल दाब ५०, ६५ आणि ८० पीएसआय. धारदार दगडांत जाणाऱ्या, भरलेल्या गाडीला ई हवाच. मोकळ्या, हलक्या पिकअपला तो दगडासारखा लागतो, चाकामागे कित्येक किलो वजन वाढवतो आणि त्या वजनाला आवरणारा मऊ शॉकअप बिचारा हैराण होतो. अशा गाडीला सी पुरतो.

नव्या एलटी (लाइट ट्रक) टायरमध्ये दारावरच्या लेबलाइतकीच हवा ठेवायची का?

लेबल मूळच्या टायरसाठी आहे. साध्या प्रवासी प्रकारच्या टायरवरून एलटी टायरवर गेलात, तर तेवढंच वजन पेलायला त्याला जास्त दाब लागतो, साधारण ५ ते १० पीएसआय वर. टायर बनवणाऱ्याच्या लोड-दाब तक्त्यातला आकडा हा किमान धरा. मग खडूने पडताळा. नक्षीवर या कडेपासून त्या कडेपर्यंत खडूची जाड पट्टी ओढा, सपाट कोरड्या रस्त्यावर ५० ते १०० मीटर सरळ जा आणि उतरून बघा. मधला खडू पुसला आणि कडांवर राहिला तर हवा जास्त. कडा पुसल्या तर कमी. सगळीकडे सारखा पुसला की जमलं. पुढे आणि मागे वेगवेगळा आकडा येईल, कारण मोकळ्या पिकअपचं वजन पुढेच असतं. तक्त्याच्या खाली मात्र खडू काहीही सांगो, जायचं नाही.

कच्च्या रस्त्यावर हवा किती उतरवायची?

खडीच्या रस्त्यावर २५-२८, दगडांत १८-२२, वाळूत १५-१८ पीएसआय. हवा उतरवल्यावर टायर रुंद होतो असं वाटतं, पण खरी वाढ ठशाच्या लांबीत होते, रणगाड्याच्या पट्ट्यासारखी. १५ च्या खाली साध्या रिमवर जोरात वळलं तर टायर रिमवरून उतरू शकतो. कमी हवेवर वेगही कमी ठेवायचा, साइडवॉल सतत वाकून आतून तापते. डांबर लागण्याआधी कंप्रेसरने हवा भरा.

मोठा टायर घासतो की नाही, हे आधी कसं कळेल?

अंगणात स्टिअरिंग दोन्हीकडे वळवून बघणं पुरेसं नाही. एक चाक रॅम्पवर किंवा मोठ्या दगडावर चढवा म्हणजे सस्पेन्शन दबेल, आणि त्या अवस्थेत दोन्ही टोकांना वळवा. उलट्या गिअरमध्येही पुन्हा करा. घासण्याच्या जागा ठरलेल्या आहेत: चाकामागचं बॉडी माउंट (बॉडी चेसीवर बसते तो जोड), मडगार्डच्या आतलं प्लॅस्टिक आणि बंपरची खालची कड. अलाइनमेंट करणाऱ्याला कॅस्टर वाढवताना खालचा आर्म पुढे ढकलायला सांगितलं तर चाक बॉडी माउंटपासून काही मिलिमीटर लांब जातं. कधीकधी तेवढंच पुरतं.

बाहेर काढलेल्या रिमने आतली अडचण सुटते, पण चाक मोठ्या वर्तुळात फिरून बाहेर नवी अडचण काढतं, आणि बेअरिंगवर भार येतो तो वेगळाच.

३५ इंची टायरला एक्सलचे गिअर बदलावे लागतात का?

मूळ टायर ३१.६ इंची आणि गुणोत्तर ३.७३ असेल, तर ३५ इंची टायरवर ते ३.३७ असल्यासारखं वागतं. गाडी चढावर गिअर शोधत बसते आणि गिअरबॉक्सचं तेल तापतं. मूळची ओढ परत आणायला ४.१३ हवं, म्हणजे बाजारातलं ४.१०. चारचाकी ड्राइव्ह असल्यामुळे पुढचा आणि मागचा, दोन्ही डिफ उघडावे लागतात. ३३ इंचीपर्यंत सहसा हे टळतं.

दगडांवर चालायचं असेल तर क्रॉल गुणोत्तर काढा: पहिला गिअर, लो गिअर आणि एक्सल यांचा गुणाकार. ग्लॅडिएटर रुबिकॉन ऑटोमॅटिकचं ४.७१ × ४ × ४.१० म्हणजे ७७ च्या वर. ब्रेकला हात न लावता उतार उतरायचा तर असा आकडा कामाला येतो.

स्टेपनी जुन्याच मापाची चालेल?

नाही. एकाच एक्सलवर दोन व्यास आले की डिफ सतत फिरत राहतो आणि तापतो. पाचवा टायरही त्याच मापाचा घ्या, तो हौद्याखाली मावतो का ते विकत घेण्याआधीच टेपने मोजा. मग पाचही टायर दर ८,००० ते १०,००० किलोमीटरला फिरवत राहा.

वॉरंटीचं काय?

कंपनीने बसवलेल्या वस्तूंना गाडीचीच वॉरंटी. बाहेरच्या पार्टांबाबत देशोदेशीचे नियम वेगळे आहेत. अमेरिकेत १९७५ च्या मॅग्नसन-मॉस कायद्यामुळे केवळ बाहेरचा पार्ट लावला म्हणून सगळी वॉरंटी रद्द करता येत नाही, पण त्याच पार्टामुळे झालेली मोडतोड मात्र तुमच्या माथी. पाच इंच उचललेल्या गाडीचा सीव्ही जॉइंट घेऊन वाद घालायला जाऊ नये.

वापरलेली ऑफ-रोड पिकअप बघताना आधी कुठे बघायचं?

खाली झोपा. स्किड प्लेटवरचे ओरखडे चालतील, ती त्यासाठीच असते. पण कंट्रोल आर्मच्या चेसीवरच्या जोडाशी रंग उडालेला किंवा नवा फासलेला दिसला तर सावध व्हा. शॉकअपच्या दांड्याजवळ तेलाचा पुसट थर असणं ठीक, ओघळ आणि त्यावर चिकटलेली माती म्हणजे सील गेलं. डिफच्या ब्रीदरची (हवा आत-बाहेर जाण्याची) नळी वर नेलेली आहे का ते पाहा. नसेल आणि गाडी पाण्यातून गेली असेल, तर तापलेला डिफ थंड होताना पाणी आत ओढतो. भरण्याच्या प्लगमध्ये बोट घालून तेल बघा. दुधट निघालं तर बेअरिंगचा खर्च किमतीतून वजा करा. शेवटी लॉक चालू करून खडीवर हळू वळा: आतलं चाक घसटत गेलं पाहिजे. नुसता डॅशबोर्डवरचा दिवा लागला म्हणजे लॉक लागला असं होत नाही.